माझं घर असंच आहे: हक्कांची आणि कुटुंबांची चित्रपुस्तकं वर्गात कशी आणावीत

कागल तालुक्यातल्या एका प्राथमिक शाळेतल्या ताईंनी विचारलं आहे: ‘माझ्याकडे दुसरीचा वर्ग आहे. एका मुलीचे वडील गेल्या वर्षी वारले. एक मुलगा ऊसतोडीच्या टोळीबरोबर येतो, हंगाम संपला की जातो. एक मूल दत्तक आहे; गावाला माहीत आहे, पण त्याला घरच्यांनी सांगितलंय की नाही ते कळत नाही. एका मुलाला नटायला आवडतं, त्याला पोरं चिडवतात. मुलांचे हक्क, सगळ्यांना सामावून घेणं आणि कुटुंब यांवरची चित्रपुस्तकं आणायची आहेत. कशी निवडू, कशी वाचू? आणि एवढ्याशा पोरांना हे कशाला, असं म्हणणाऱ्या पालकांना काय सांगू?’

ताई, कोल्हापुरात मी बरीच वर्षं मुलांचं वाचनालय चालवते, त्याआधी प्राथमिक शाळेत शिकवत होते. त्या अनुभवातून जे पक्कं झालंय ते सांगते.

सगळ्यात आधी एक पथ्य. ते पाळलं नाही तर चांगल्यातलं चांगलं पुस्तकही मुलाला जाच होतं. तुमच्या या चौघांपैकी एकाचंही वर्गात उदाहरण होऊ देऊ नका. बाबा नसलेल्या मुलीची गोष्ट वाचताना तुम्ही क्षणभर त्या मुलीकडे बघितलंत, तरी अख्खा वर्ग मान वळवून तिच्याकडे बघतो. मग ती गोष्ट तिची राहत नाही, तिच्यावरची होते. त्यामुळे पुस्तक ‘तिच्यासाठी’ आणलंय हे कुणाला कळता कामा नये. चिडवाचिडवी झाली त्याच दिवशी त्यावरचं पुस्तक काढू नका. चिडवणं तिथल्या तिथे थांबवायचं, ते तुमचं काम. पुस्तक नंतर कधीतरी, मांजराच्या, पावसाच्या, हरवलेल्या चपलेच्या गोष्टींच्या ओघात येऊ दे. ‘आज आपण स्वीकार या विषयावरचं पुस्तक वाचू’ असं तर कधीच म्हणू नका.

आता पारख. पुस्तक हातात आलं की मजकूर वाचू नका. हातानं झाका हवं तर, आणि नुसती चित्रं बघत शेवटपर्यंत जा. चित्रपुस्तकात निम्मी गोष्ट चित्रं सांगतात, आणि दुसरीतलं मूल अक्षरांच्या आधी चित्रंच वाचतं. घर कसं काढलंय बघा. आई गॅसपाशी, बाबा पेपर घेऊन खुर्चीत, आजीचा पांढरा अंबाडा, आजोबांची काठी, खिडकीत कुंडी, हे चित्र आपण इतक्या वेळा पाहिलंय की ते खटकतच नाही. तुमच्या वर्गातल्या किती मुलांचं घर असं आहे? पत्र्याचं घर, दारात म्हैस, एकाच खोलीत चूल आणि अंथरुणाची वळकटी, हे चित्रात कुठे येतं का? आलंच तर ते ‘गरिबीचं’ म्हणून येतं, की गोष्टीतलं एक साधं घर म्हणून? गर्दीचं चित्र असेल तर कडेला कोण उभं आहे ते पाहा. काळ्या रंगाचं मूल नेहमी दुसऱ्या रांगेत का? झाडू कुणाच्या हातात आहे? नावं कोणती आहेत, एखादी रेश्मा, एखादा सलीम आहे का, आणि असेल तर तो फक्त ईदच्या पानावरच उगवतो का?

मग मजकूर वाचा, आणि एकच गोष्ट शोधा: वेगळं दाखवलेलं मूल स्वतः काही करतं का? पुष्कळ पुस्तकांत व्हीलचेअरवरची मुलगी असते. सगळे तिला आधी टाळतात, मग ती चित्रकलेत पहिली येते, मग सगळे टाळ्या वाजवतात. वाचून मोठ्यांचे डोळे पाणावतात. पण मुलांना त्यातून कळतं ते असं की बक्षीस मिळवलं तरच आपल्यात घेतात. मला ते पुस्तक हवं, ज्यात ती मुलगी पतंगासाठी भांडते, खोटं बोलते, पकडली जाते. व्हीलचेअर चित्रात आहे, उंबऱ्यापाशी अडते तेव्हा गोष्टीतही येते, पण गोष्ट पतंगाची आहे. कोल्हापूरकरांना हे नवं वाटायचं कारण नाही. स्वतः व्हीलचेअर वापरणाऱ्या नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली इथं ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था सुरू केली, तेव्हापासून या गावानं व्हीलचेअरवरची माणसं काम करताना, हिशेब बघताना, कुणाला तरी झापताना पाहिलेली आहेत. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. आपल्या चित्रपुस्तकांत मात्र अजून व्हीलचेअर आणि काळा चष्मा यांपलीकडे फारसं काही येत नाही. ऐकू कमी येणारं, शिकायला जास्त वेळ लागणारं मूल सापडलं तर ते पुस्तक जपून ठेवा.

हक्कांवर थेट लिहिलेली पुस्तकं बहुतेक फसतात. संयुक्त राष्ट्रसंघानं बालहक्कांचा करारनामा २० नोव्हेंबर १९८९ ला स्वीकारला, भारतानं तो १९९२ साली मान्य केला. त्यात ५४ कलमं आहेत. मग एकेका पानावर एकेक हक्क, वर निळं आभाळ, खाली हात धरलेली मुलं, अशी पुस्तकं निघतात. मुलं ती उलटतात आणि ठेवून देतात, कारण त्यात काही घडतच नाही. हक्क मुलाला दिसतो तो अडवला जातो तेव्हा. मैदानातला एकुलता एक झोका मोठ्या पोरांनी धरून ठेवलाय, ही ३१ व्या कलमातल्या खेळण्याच्या हक्काची गोष्ट आहे, कलमाचं नावसुद्धा न घेता. शाळेतल्या मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी नाही म्हणून एक मुलगी दिवसभर पाणीच पीत नाही, ही आरोग्याची आणि प्रतिष्ठेची गोष्ट आहे. घर बदलायचं ठरलं आणि मुलाला कुणी विचारलंच नाही, हे १२ वं कलम, मुलाचं म्हणणं ऐकून घेण्याचं. अशी पुस्तकं शोधा. आणि वाचून झाल्यावर आपल्या स्वच्छतागृहाची कडी बघून या. मुलं ते विचारणारच, आणि विचारावंच.

या संदर्भात आपल्याच गावातली एक गोष्ट चित्रपुस्तकासाठी जणू तयार होऊन बसली आहे. गंगाराम कांबळे राजवाड्यावर नोकरीला होते. पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. शाहू महाराजांच्या पाठबळानं त्यांनी चहाचं हॉटेल काढलं, आणि अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला कुणी धजेना, तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा पिऊ लागले, बरोबरच्यांनाही पाजू लागले. सात वर्षांच्या मुलाला यातलं सगळं समजतं: तहान, मार, कप, आणि कोण कुणाच्या हातचं पितं. फक्त चित्र काढताना सांभाळायला हवं. आपल्याकडे महाराज पानभर आणि गंगाराम कोपऱ्यात हात जोडून, असं चित्र निघतं. मी मुलांकडून हे चित्र काढून घेते तेव्हा सांगते, आधी किटली काढा, गंगारामचे हात काढा, उकळी येताना तो काय बघतोय ते काढा. गाडी मागाहून येऊ दे. मारहाणीचं पान गाळू नका. ‘लहान आहेत’ म्हणून ते गाळलं, तर महाराजांनी चहा प्यायला त्यात विशेष काय, हे मुलांना कळतच नाही.

कुटुंबाच्या पुस्तकांवर जरा जास्त बोलते, कारण तुमचा खरा प्रश्न तिथेच आहे.

‘माझे कुटुंब’ हा पाठ आपण वर्षानुवर्षं वंशवृक्षाच्या तक्त्यानं शिकवतो. वर आजी-आजोबा, खाली आई-बाबा, खाली मी. चौकटी आधीच छापलेल्या असतात. ज्याच्या घरी त्या चौकटीतलं माणूस नाही, त्याला रिकामी चौकट घेऊन उभं राहावं लागतं. तो तक्ता वापरू नका. त्याऐवजी ‘माझी माणसं’ काढायला सांगा: सकाळी तुला कोण उठवतं, तुझे केस कोण विंचरतं, आजारी पडलास तर रात्री कोण जागं राहतं. कुणीच रिकामं राहत नाही. एका मुलानं त्यात शेजारची काकू काढली होती, एकीनं म्हैस. दोन्ही चालतं.

पुस्तकही याच नजरेनं निवडा. आमच्या वाचनालयात मुलांनीच केलेलं एक पुस्तक आहे, त्यातल्या एका पानाशी पोरं हमखास थांबतात. मुलगी पाटावर बसलीय, मामा मागं बसून तिची वेणी घालतोय. एक लाल रिबीन त्याच्या दातांत धरलेली, दुसरी बोटाला गुंडाळलेली, आणि कंगवा त्याच्याच केसांत खोचलेला. आई कुठे आहे हे पुस्तकात कुठेच सांगितलेलं नाही. त्या पानावर मी कधी काही विचारत नाही. तरी आवाज येतात: ‘माझी आज्जी लई तेल थापती.’ ‘आमच्यात दादा घालतोय, पर भांग वाकडा पडतोय.’ ‘मी माझीच घालती.’ हे शेवटचं वाक्य जिचं होतं तिच्या घरची परिस्थिती मला माहीत होती. ती ते अभिमानानं म्हणाली, आणि बाकीच्या मुली तिच्या वेणीकडे कौतुकानं बघायला लागल्या. वडील किंवा आई नसणं हा त्या गोष्टीचा विषय असता, तर तिला हे बोलता आलं नसतं.

वडील वारलेल्या मुलीबद्दल एक वेगळी गोष्ट लक्षात ठेवा. तिनं घरात फक्त वडील जाणं पाहिलेलं नाही. आईच्या कपाळाचं, हातांचं काय झालं तेही पाहिलेलं असतं. आपल्याच जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं या विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनानं इतर ग्रामपंचायतींनी तसंच करावं म्हणून परिपत्रक काढलं. त्यामुळे मृत्यूवरचं पुस्तक निवडताना चित्रातल्या आईकडे नीट बघा. भिंतीवर हार घातलेला फोटो आणि त्याखाली गुडघ्यात मान घालून बसलेली आई, एवढ्यावर थांबणारं पुस्तक नको. फोटो असू दे, रडू असू दे, ते खरंच आहे. पण पुढच्या पानांवर ती आई बांगड्या भरलेल्या हातांनी दुकान उघडताना, मुलीला सायकल शिकवताना दिसू दे. ‘बाबा देवाघरी झोपायला गेले’ असलं पुस्तक घेऊ नका. त्या वयाची मुलं झोपायलाच घाबरतात.

ऊसतोडीच्या टोळीतलं मूल हे आपल्या भागाचं वास्तव आहे. दिवाळीच्या आसपास गाड्या येतात, उन्हाळा लागला की जातात, आणि नवरा-बायको मिळून एक कोयता असा हिशेब असल्यामुळे आईही फडात असते. मूल कोपीवर, म्हणजे टोळीच्या झोपडीवर, धाकट्या भावंडाला सांभाळतं किंवा तुमच्या वर्गात वर्षाच्या मधेच येऊन बसतं. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे, आणि स्थलांतरित मुलांना शाळेत घेणं ही स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी त्यात स्पष्ट लिहिलेली आहे. म्हणजे तो तुमच्याकडे उपकारानं आलेला नाही. त्याच्या घराचं पुस्तक बाजारात मिळणं अवघड. जी मिळतात त्यांत स्थलांतर म्हणजे नुसतं दुःख असतं. पण त्याच्याशी बोललात तर कळेल की त्याला गाडीच्या बैलांची नावं येतात, कोणत्या कारखान्याच्या काट्यावर रांग मोठी असते ते ठाऊक असतं, आणि कोपी बांधायला किती बांबू लागतात तेही. हे पुस्तक त्याच्याकडूनच करून घ्या. कसं, ते पुढे सांगते.

दत्तक मुलाबाबत मात्र पुढाकार घेऊ नका. त्याला माहीत नसेल, तर ते तुमच्या वर्गात, पुस्तकातून, आणि गावातल्या पोरांच्या तोंडून कळणं हा त्याच्यावर मोठा घाव ठरेल. आधी पालकांना एकट्यात भेटा. दत्तक विषयातले जाणकार सांगतात की मुलाला जितक्या लहानपणी, जितक्या सहज सांगावं तितकं बरं, आणि घरी सांगण्यासाठी चित्रपुस्तकाइतकं सोपं साधन नाही. ते पुस्तक तुम्ही पालकांच्या हातात द्या, वर्गात वाचू नका. निवडताना दोन गोष्टी टाळा. एक, जन्म देणाऱ्या आईला वाईट ठरवणारी गोष्ट. त्या मुलाच्या आत तीही आहेच. दुसरी, ‘तू आमच्यासाठी देवानं पाठवलेली भेट’ असं सांगणारी. भेट झालेल्या मुलाला हट्ट करायची, रागवायची मुभा राहत नाही. दत्तक मुलाची वाट बघणारे आई-बाबा, पहिल्या रात्रीचं न थांबणारं रडणं आणि मग सवय होत जाणं, असं साधं, खरं चित्र ज्यात आहे ते घ्या. ज्या मुलाला आधीच माहीत आहे त्याच्या वर्गातही हे पुस्तक, तो स्वतः बोलेल तेव्हाच.

आता नटायला आवडणारा मुलगा. यात घाबरण्यासारखं काही नाही, आणि लपवण्यासारखंही नाही. सात वर्षांच्या मुलाला बांगड्या आवडतात, यावरून तो पुढे कोण होईल हे तुम्हाला, मला, कुणालाच सांगता येणार नाही. आज त्याला एवढंच हवंय की बांगड्या घातल्या तर मार बसू नये. म्हणून अशी पुस्तकं निवडा ज्यात मुलगा नाचतो, मुलगी कुस्ती खेळते, आणि शेवटी कुणी त्यांना ‘सुधारत’ नाही. आणखी एक: आपल्याकडची मुलं यल्लम्माचा जग, म्हणजे देवीची मूर्ती बसवलेली टोपली, डोक्यावर घेऊन दारात येणारे, देवीला वाहिलेले जोगते लहानपणापासून बघतात, आणि ‘बाई हाय का बाप्या?’ हा प्रश्न आईच्या पदराआडून विचारतातच. त्याचं उत्तर फटका नाही. ‘काही माणसं जन्मल्यापासून मुलगा म्हणून वाढवली जातात, पण ती स्वतःला बाई म्हणून ओळखतात, आपण त्यांना त्या सांगतील तसं म्हणायचं,’ एवढं सांगितलं तर दुसरीतलं मूल ‘बरं’ म्हणून खेळायला जातं. सर्वोच्च न्यायालयानं १५ एप्रिल २०१४ च्या निकालात तृतीयपंथी व्यक्तींना स्वतःची ओळख स्वतः सांगण्याचा हक्क मान्य केला आहे. ही वाक्यं पाठ्यपुस्तकाबाहेरची असली तरी कायद्याबाहेरची नाहीत. स्वतःला मुलगी म्हणवणाऱ्या मुलाची चित्रपुस्तकं भारतीय भाषांतही आली आहेत; दोन आया असलेल्या घराची पुस्तकंही आहेत. ती आधी तुम्ही वाचा, सहकाऱ्यांना वाचायला द्या, आणि तुम्हाला बोलताना अडखळायला होत नाही असं वाटलं की मग वर्गात न्या. बाईंचा अवघडलेला आवाज मुलं आधी ऐकतात, गोष्ट नंतर.

वाचायचं कसं, हे थोडक्यात. मुलं अर्धगोलात, पुस्तक मुलांकडे तोंड करून, तुमच्या खांद्याच्या उंचीवर. पहिल्यांदा न बोलता सगळी चित्रं दाखवा, मग वाचा. पान हळू उलटा. चित्रपुस्तकातली गंमत पान उलटण्यातच असते. ‘यात काय चाललंय?’ आणि ‘आता काय होईल?’ हे दोनच प्रश्न पुरे. ‘तुझ्या घरी कसं आहे?’ हा प्रश्न बंद. ‘यातून आपण काय शिकलो?’ हा तर कायमचा बंद. आपल्याला तात्पर्याची फार सवय आहे. मुलं तात्पर्य हुकमी सांगतात, ‘सगळ्यांशी प्रेमानं वागावे’, आणि मधल्या सुट्टीत त्याच मुलाला ढकलतात, कारण तात्पर्य हे बाईंना द्यायचं उत्तर असतं. त्यापेक्षा पुस्तक बंद करा आणि खिडकीत ठेवून द्या. ज्याला हवं तो जाऊन ते एक पान पुन्हा काढून बघतो. कोण कोणतं पान काढतं, ते तुम्ही दुरून बघा.

कधी कधी पुस्तक वाचल्यावर मूल जवळ येऊन काहीतरी सांगतं, विशेषतः शरीराच्या सुरक्षिततेवरचं पुस्तक असेल तर. ते ऐका, त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा, उलटतपासणी करू नका, आणि ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. पोक्सो कायदा, २०१२ प्रमाणे मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती मिळालेल्या कुणाही व्यक्तीनं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. शाळेची बदनामी होईल हे कारण तिथं चालत नाही. चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा क्रमांक दिवसरात्र मोफत आहे, तो वर्गात मुलांना वाचता येईल एवढ्या उंचीवर लावा.

आणि एक कळकळीचं सांगणं. पुस्तकात एक आणि शाळेच्या व्यवहारात दुसरं असं होऊ देऊ नका. एकट्या आईचं घर सुंदर दाखवणारं पुस्तक सकाळी वाचलं आणि दुपारी ‘बाबांची सही आणा’ म्हणून वही दिली, तर मुलगी सहीवरच विश्वास ठेवील. ‘घरच्या मोठ्या माणसाची सही’ म्हणा. ‘आई-बाबांना घेऊन या’ ऐवजी ‘घरचं कुणीतरी या’ म्हणा. १ मे २०२४ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आता आधी आईचं नाव आणि मग वडिलांचं, असा शासनाचाच निर्णय आहे. ही मुलं काही वर्षांत तुमच्या पहिलीत बसतील. आधीच्या मुलांची कागदपत्रं तुमच्या हातात नाहीत, पण हजेरी घेताना, बक्षीस देताना, फळ्यावर लिहिताना आईचं नाव उच्चारायला कुणाची हरकत नाही.

पालकांचं म्हणाल, तर त्यांना समजावत बसू नका, पुस्तक वाचून दाखवा. पालक सभेत अजेंडा बाजूला ठेवून मुलांना वाचता तसंच, चित्रं दाखवत वाचा. ‘हे कशाला?’ म्हणणाऱ्या बहुतेकांनी पुस्तक पाहिलेलं नसतं, फक्त विषय ऐकलेला असतो. आमच्याकडे एका आजोबांनी स्वयंपाक करणाऱ्या बाबांच्या पुस्तकावर हरकत घेतली होती: पोरं बायली होतील म्हणे. मी त्यांना विचारलं, तुम्ही तरुणपणी तालमीत होता ना, तिथं जेवण कोण करायचं? मग त्यांचा चेहराच बदलला. पैलवानांनी आपापल्या पाळीनं भाकऱ्या थापायच्या, मटण शिजवायचं, थंडाईचे बदाम घोटायचे, आजारी पोराच्या उशाशी वस्तादांनी रात्र काढायची, हे सगळं ते अर्धा तास सांगत राहिले. खेड्यातनं आलेल्या पोराला तालीम हेच घर आणि वस्ताद हेच वडीलधारे, हे कोल्हापूरला कुणी वेगळं शिकवायला नको. तसंच वसतिगृहांचं. शाहू महाराजांनी १९०१ पासून जातीजातीच्या मुलांसाठी या गावात वसतिगृहं उभी केली, आणि रक्ताच्या नात्याबाहेरच्या माणसांनी वाढवलेल्या मुलांच्या पिढ्या इथून बाहेर पडल्या. कुटुंब अनेक तऱ्हांचं असतं हे पालकांना परक्या मुलखातून आलेलं खूळ वाटत असेल, तर त्यांना त्यांच्याच आजोबांची तालीम आणि बोर्डिंग आठवून द्या. त्यानंतरही एखादे पालक नकोच म्हणाले, तर त्यांच्या मुलाच्या हाती ते पुस्तक घरी देऊ नका; पण वर्गातलं वाचन थांबवू नका.

पुस्तकं कुठून आणायची? मराठीत ज्योत्स्ना प्रकाशनाची चित्रपुस्तकं चित्रांच्या दर्जासाठी आधी बघा. माधुरी पुरंदरे यांचं काम घराघरांतल्या साध्या नात्यांवर फार बारकाईनं केलेलं आहे. प्रथम बुक्सची मराठी पुस्तकं स्वस्त असतात, आणि त्यांच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावरच्या गोष्टी खुल्या परवान्यावर आहेत, म्हणजे उतरवून, छापून, अगदी आपल्या बोलीत बदलूनही वापरता येतात. चेन्नईचं तूलिका मराठीतही पुस्तकं काढतं. भोपाळच्या एकलव्यची पुस्तकं हिंदीत आहेत, पण दुसरीला चित्र दाखवत तुम्ही तोंडी मराठीत सांगू शकता. नॅशनल बुक ट्रस्टची किंमत शाळेच्या अनुदानाला परवडते. मोबाईलच्या पडद्यावर दाखवू नका. दोन पानी मोठं चित्र त्यात मरतं. छापील दहाच पुस्तकं असली तरी चालतील, ती पुन्हा पुन्हा वाचली जातात.

उरलेली पुस्तकं वर्गात करा. छापील चित्रपुस्तकं बहुधा १६, २४ किंवा ३२ पानांची असतात, कारण मोठा कागद घडी घालून कापला की आठाच्या पटीत पानं निघतात. तुम्हाला एक कोरा कागद पुरतो. तो तीनदा मधोमध दुमडला की आठ चौकोन पडतात. उघडून आडवा अर्धा दुमडा, घडीच्या बाजूनं मधल्या रेषेवर फक्त अर्ध्यापर्यंत कात्री मारा, पुन्हा उघडून लांबीत दुमडा आणि दोन्ही टोकं आत ढकला. मुखपृष्ठासह आठ पानांचं पुस्तक उभं राहतं. डिंक नको, दोरा नको. ऊसतोडीच्या टोळीतल्या मुलाला त्याच्या बैलांचं पुस्तक करायला सांगा. लिहिता येत नसेल तर तो सांगेल तसं, त्याच्या बोलीत, एक अक्षर न सुधारता तुम्ही लिहून द्या. सगळा वर्ग आपापलं करू दे, म्हणजे त्याचं एकट्याचं वेगळं दिसणार नाही. मग ही पुस्तकं वर्गाच्या ग्रंथालयाच्या नोंदवहीत बाकीच्यांसारखीच चढवा, लेखक-चित्रकार म्हणून मुलाचं नाव लिहा, मागं तारखेची पट्टी चिकटवा आणि घरी न्यायला द्या. टोळी निघण्याआधी त्याच्या पुस्तकाची एक झेरॉक्स त्याच्या दप्तरात घाला. मूळ प्रत शाळेत ठेवा. पुढच्या हंगामात तो आला की नोंदवहीत त्याला आपलं नाव सापडलं पाहिजे.